मरडॉकचा पाय कुठाय?

नाही, मला एक सांगा, वर्षभरातल्या आवडत्या लोकसंगीताच्या रेकॉर्डी निवडून रेडिओवर वाजवणं हा काय गुन्हा आहे? दहा कॅनडाच्या, दहा बाहेरच्या, नाताळच्या आधीच्या शनिवारी, आणि तेही फुकट, कारण आमचं रेडिओ स्टेशन चालतं चर्चच्या तळघरात आणि मानधन म्हणून मिळतो चहा, तोही आपला आपण करून घ्यायचा. तरी मी वर्षभर ऐकतो, गाडीत ऐकतो, दारातला बर्फ उपसताना ऐकतो, आणि डिसेंबर आला की अख्खं केप ब्रेटन बेट माझ्यावर डूख धरून बसतं... गेल्या वर्षी तर घरात बायको बोलेना. का? तर मी एक प्रश्न विचारला. साधा प्रश्न. मरडॉकचा पाय कुठाय?

थांबा, सांगतो, पण आधी त्या बाहेरच्या दहांचं ऐका, कारण डोकं तिथूनच फिरायला लागलं. कार्यक्रम चालू आहे, मी स्कॉटलंडच्या एका बाईची, आमच्या पूर्वजांच्या गेलिक भाषेतली गाणी लावलीत, काय गळा, नुसतं ऐकत राहावं, तेवढ्यात फोन. पेगीमावशी. "लॉकी, ही बाई तू बाहेरच्यांत का घातलीस रे?" म्हटलं, "मावशी, स्कॉटलंड बाहेरच आहे." "बाहेर? अरे, माझ्या पणजीच्या गायींचा वंश अजून चरतोय तिथे. आणि तो टोरांटोचा बॅन्जोवाला आपल्यांत? बाप कोण त्याचा?" तुम्हाला सांगतो, आमच्याकडे माणूस भेटला की नाव नंतर, आधी बाप कोण. मी आफ्रिकेतल्या मालीचा एक गिटारवाला लावला, माणूस सहाराच्या कडेला राहतो, तर पुन्हा फोन, "बाप कोण त्याचा?" मी म्हटलं, "बापही वाजवायचा." तर म्हणते, "मग बरोबर. मग चांगलाच असणार." आता या लोकांसाठी रेकॉर्डी निवडायच्या.

तर मरडॉक. मरडॉक म्हणजे माझा मेव्हणा, आमच्या एफीचा थोरला भाऊ, आणि या किनाऱ्यावरचा सगळ्यात मोठा फिडलवाला. फिडल म्हणजे तुमचं व्हायोलिनच, पण आमच्याकडे त्याला व्हायोलिन म्हणणाऱ्याला कुणी आत बोलवत नाही. आणि आमच्याकडे फिडल बसून वाजवतात. का? तर दोन्ही पाय मोकळे पाहिजेत. वर हात चालतात, खाली पाय जमीन ठोकत असतात, धाड धाड, धाड धाड, आणि त्या पायावर लोक नाचतात, फिडलवर नाही. मरडॉकचा पाय तर असा, की त्याच्या स्वयंपाकघराची जमीन एका जागी खळगा पडून बसलीय, आणि तो खळगा पाहुण्यांना दाखवतात. असा माणूस, उभ्या आयुष्यात पहिली रेकॉर्ड काढायला टोरांटोला गेला, आणि मी ती लावून ऐकली, फिडल सोन्यासारखं, पियानो नेटका, आणि पाय? पाय नाही. पहिल्या सुरावटीत नाही, दुसरीत नाही, शेवटपर्यंत नाही. अहो, माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हटलं, पुसला. त्या टोरांटोच्या आवाजवाल्याने, कानाला मोठाली झाकणं लावून बसलेल्या त्या दिवट्याने, त्याला वाटलं शेजारी कुणी खिळे ठोकतंय, आणि पुसून टाकला. आणि आमच्या या शहाण्याने पुसू दिला.

मग मी गप्प बसायचं? मी रेडिओवर सांगितलं, स्वच्छ, "मरडॉकची रेकॉर्ड माझ्या दहांत नाही. बोटं घरी आली, पाय टोरांटोत राहिला. मंडळी, मरडॉकचा पाय कुठाय?" तीनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारताना जरा बरं वाटलं म्हणून तिसऱ्यांदा.

घरी आलो तर एफी. "माझ्या भावाची पहिली रेकॉर्ड, आणि तू फिनलंडच्या बाईला घेतलंस?" म्हटलं, "फिनलंडची बाई बाहेरच्यांत आहे, तिचा आणि मरडॉकचा काय संबंध?" झालं, तेव्हापासून अबोला. आणि पाठोपाठ निरोप आला, की मरडॉक आमच्या मुलीच्या, मोरागच्या लग्नात वाजवणार नाही. लग्न कधी? नाताळनंतरच्या शनिवारी. पोरगी रडायला लागली. "बाबा, मामाचं फिडल नसेल तर मी चर्चमध्ये पाऊल टाकणार नाही." म्हटलं, दुसरा आणू. किनाऱ्यावरचे सगळे फिडलवाले विचारून झाले, सगळ्यांचं एकच, "मरडॉक जिवंत असताना त्याच्या भाचीच्या लग्नात त्याच्या खुर्चीवर बसू? नको रे बाबा." म्हणजे एका टोरांटोच्या दिवट्यापायी माझ्या मुलीचं लग्न मोडायची वेळ. आणि मी काय केलं होतं? प्रश्न विचारला होता.

गेलो शेवटी त्याच्याकडे. गुडघाभर बर्फातून, डोकं तापलेलं. दारातूनच म्हटलं, "मी माफी मागायला आलेलो नाही."

"मग चहा घे," मरडॉक म्हणाला.

"कुणी पुसला तो पाय? नाव सांग त्याचं."

"पुसला नाही, लॉकी. नव्हताच."

मग त्याने फिडल घेतलं, खुर्ची त्या खळग्यापाशी ओढली आणि वाजवायला लागला. आणि मी पाहिलं. पाय उचलला, आणि ठेक्याच्या मागून पडला, चर्चमध्ये उशिरा येऊन मागच्या बाकावर बसणाऱ्या माणसासारखा. पुन्हा उचलला, पुन्हा मागून. "वसंतात गुडघा बदलला ना," तो म्हणाला, "तेव्हापासून हा असा."

"आणि डावा?"

"डावा उजव्याकडे बघून चुकतो. तो टोरांटोचा पोरगा बिचारा विनवण्या करत होता, पायाखाली फळी ठेवतो म्हणून. मीच नको म्हटलं. मीच जाड गालिचा घालून घेतला. मला वाटलं, कुणाच्या लक्षात येणार नाही... आणि तू सगळ्या बेटाला विचारलंस."

मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू, की चहा तसाच ठेवून निघालो. आणि मग राग आला, कारण घरी येऊन विचारतो तर एफीला माहीत होतं, मोरागला माहीत होतं, पेगीमावशीला तर ऑपरेशनच्या आधीपासून माहीत होतं. म्हटलं, "मग मला एकट्यालाच का नाही सांगितलं?" एफी म्हणाली, "तुला सांगायचं म्हणजे रेडिओवर सांगायचं." घ्या.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. मरडॉकने निरोप पाठवला, "वाजवतो. पण पाय तुझा." म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये, मी, नवरीचा बाप, नवा कोट, टाय, आणि मरडॉकच्या खुर्चीला खुर्ची लावून दोन्ही पायांनी फळ्या ठोकतोय, संध्याकाळभर, आणि तो कानाशी पुटपुटतोय, "पळू नकोस... आता झोपू नकोस..." हॉल नुसता उसळत होता. आमची मोराग समोर नाचली, नवऱ्याबरोबर नाचली, काकांबरोबर नाचली, पोस्टमनबरोबरही नाचली. तिच्या बापाला उठताच आलं नाही. मी उठलो तर नाच थांबणार. मी तिच्याकडे बघत होतो, घामाने आणि दुसऱ्याही कशाने डोळे चुरचुरत होते, आणि शेवटी पेगीमावशी आली, माझ्याकडे ढुंकूनही न बघता मरडॉकला म्हणाली, "पाय काय चालतोय रे तुझा अजून."

आणि आता कहर ऐका. मरडॉक दुसरी रेकॉर्ड काढतोय. टोरांटोत नाही, त्याच्याच स्वयंपाकघरात, त्याच खळग्यापाशी, आणि मला रोज जावं लागतं. झालंय तेवढं मी ऐकलंय. काय सांगू तुम्हाला, असं फिडल, असा ठेका, आपल्यांत नाही, बाहेरच्यांत नाही, मालीत नाही, फिनलंडमध्ये नाही. डिसेंबरात पहिला नंबर तिचाच, डोळे मिटून. एफीने तर बजावलंच आहे, "यंदा भावाला वगळलंस तर बघ." पण स्टेशनचा नियम आहे, कार्यक्रम करणाऱ्याने स्वतः वाजवलेली रेकॉर्ड निवडायची नाही. कडक नियम आहे. मीच केलाय. म्हणजे वर्षातली सगळ्यात उत्तम रेकॉर्ड, आणि ती मला निवडता येत नाही... का? तर तिच्यातला पाय माझा आहे.