अंघोळीची बारा मिनिटं

...नाही, तुम्हीच सांगा, बारा मिनिटांत अंघोळ होते का? होते, तुमची होते, कारण तुमचे हातपाय तुमचं ऐकतात! माझे जन्मापासून स्वतंत्र आहेत. त्यात मी ही अशी दचकी. कुणी शिंकलं तरी चाकाच्या खुर्चीतून दोन्ही पाय उडतात. आधी अंघोळीला वीस मिनिटं होती हो! मग राज्याचं पत्र आलं, 'केंद्राचा निधी घटल्यामुळे आपली अंघोळ बारा मिनिटांची करण्यात येत आहे.' कुठे वॉशिंग्टन आणि कुठे माझी अंघोळ!

तर त्या मंगळवारी लॉर्ना, म्हणजे माझं सगळं करायला सरकारतर्फे येते ती, केसांना शाम्पू चोळतेय आणि तिच्या फोनवरचा वेळेचा गजर ठणाणा! मी दचकले, बाटलीला लाथ, बाटली थेट कमोडमध्ये.

"टिल्डा, दोनच मिनिटं राहिली गं! केस धुऊ की कपडे घालू?"

जास्त थांबली तर तिची नोकरी जाते, दोनदा ताकीद मिळालीय. आणि मला जायचं होतं बजेटच्या सुनावणीला! आमचे मदतीचे तास आणखी कापायचे का, ते तिथे ठरणार. कापले की मी चोविसाव्या वर्षी वृद्धाश्रमात!

म्हटलं, "कपडे घाल."

बाहेर आमच्या डुलुथ गावातला फेब्रुवारी, म्हणजे नुसता बर्फ. गाडीत चढेपर्यंत डोक्यावरचा फेस कडक! सभागृहात मात्र हीटर...

अध्यक्ष ओव्हरगार्डसाहेब म्हणाले, "बोला बाई, दोन मिनिटं हं." मी तोंड उघडलं आणि टप्... टप्... पाठ केलेलं भाषण गेलं वाहून!

"साहेब, तुम्ही कापलेली आठ मिनिटं ही माझ्या डोक्यावर आहेत. बघून घ्या!"

"अहो, आम्ही नाही, वॉशिंग्टनने..."

"वॉशिंग्टन लांब आहे, माझं डोकं जवळ आहे!"

तेवढ्यात घंटा! मी दचकले, टेबलाला लाथ, साहेबांचा पाण्याचा ग्लास त्यांच्याच मांडीवर.

"वेळ संपली!"

"मग डोकं धुऊन द्या, जाते!" नाहीच हलले मी. शेवटी साहेबच ओरडले, "अरे, कुणीतरी टॉवेल आणा रे! दोन आणा!"

तीन आठवड्यांनी पत्र. तास वाचले, अंघोळीची आठ मिनिटंही परत! मी रडले हो आनंदाने. लॉर्नाने पान उलटलं. "अगं... ही तुझ्या जेवणाच्या वेळेतून घेतलीयत."

आता केस कसे चमकतात माझे! घास तेवढा तोंडातच असतो आणि फोन ठणाणा. कुठे वॉशिंग्टन आणि कुठे माझा घास!

असू दे. पुढची सुनावणी जूनमध्ये आहे. वाडगाभर गरम सूप घेऊन जाणार आहे, अगदी ओव्हरगार्डसाहेबांच्या समोर बसणार आहे... आणि घंटेची वाट बघणार आहे. काय करणार, दचकते ना मी!