उत्तरवेस पडली नाही

मामा : म्हणजे शहर पडलंच नाही?

भाची : नाही ना. उन्हाळाभर गावोगावच्या दुकानांत, शाळांच्या हॉलमध्ये लोकांनी छोटे सैनिक मांडून आपल्या युद्धखेळाचे डाव खेळले आणि बचाव करणारे जिंकले. आम्ही छापून सांगितलं होतं, टेबलावर जे होईल तेच खेळातल्या ताम्रग्रहाचा इतिहास.

मामा : मग लिही तसं. अडलंय कुठं?

भाची : नव्या आवृत्तीची पेटी शहर पडणार असं धरूनच बनवलीय. वेढा घालणाऱ्या खवलेवाल्यांची नवी फौज ओतून तयार आहे, प्रत्येक सैनिकाच्या पाठीवर लुटीचं सामान. कंपनीचे साहेब म्हणतात, ‘शेवटी फितुरी झाली’ असं एक वाक्य घाल आणि मोकळी हो.

मामा : एका वाक्यात अख्खं शहर मारायची सोय आहे आपल्या धंद्यात. पहिल्या आवृत्तीत मी ते वसवलं तेही असंच. नकाशाचा कोपरा रिकामा दिसत होता म्हणून.

भाची : आणि दुसऱ्या आवृत्तीत तिथे समुद्र.

मामा : चित्रकाराचा निळा रंग सांडला. पेटी तर वेळेवर जायला हवी होती. मग म्हटलं, असू दे समुद्र.

भाची : तो आटवताना माझ्या नाकी नऊ आले. शेवटी खेळणाऱ्यांनीच सुचवलं, युद्धयंत्रांनी पाणी शोषलं म्हणून.

मामा : त्यांना आपल्यापेक्षा जास्त पाठ असतं सगळं.

भाची : म्हणून तर जीव धजत नाही रे. एक नर्सबाई आहेत. ड्यूटी संपवून डाव मांडायच्या. शहराची उत्तरवेस त्यांनी राखली. शेवटी एक मोडका रणगाडा उरला, तरी हटल्या नाहीत. त्यांना काय सांगू, फितुरी झाली?

मामा : मुळीच नाही. पण मग त्या लुटीचं काय करशील?

भाची : काल मी ते सैनिक हातात घेऊन बसले होते. गाठोडी, कंदील, भांडी, गुंडाळलेल्या चटया. मामा, ही लूट कशावरून? बिऱ्हाड असेल त्यांचं. हरलेत, आणि परत जायला घर नाही.

मामा : साच्याला हातही न लावता?

भाची : हातही न लावता. तसंच लिहिलं, साहेबांनी आज सकाळी वाचलं. म्हणाले, हरलेली फौज कोण विकत घेणार? मग परत वाचलं आणि म्हणाले, मी घेईन.

मामा : (चष्मा काढून पुसत) मी त्यांना दात दिले, नख्या दिल्या. बिऱ्हाड तू दिलंस.

भाची : पण तू लिहिलं होतंस, त्यांना ना घर ना पोरंबाळं. ते खोटं ठरतं. म्हणून छापायच्या आधी तुला विचारायला आले.

मामा : खोटं कशाला? शहरातल्या बखरकाराने लिहिलं होतं म्हण. वेढ्यात अडकलेला माणूस शत्रूची पोरंबाळं कशाला मोजत बसेल?

भाची : घेऊ हे?

मामा : घे की, विचारतेस काय. नर्सबाईंना दाखवलंस?

भाची : दुपारी. त्यांनी वाचलं. मग विचारलं, ती माणसं समोरून जातील तेव्हा वेस थोडा वेळ उघडता येईल का?

मामा : हे मला सुचलं नसतं.

भाची : मलाही नव्हतं सुचलं.