बाविसावी चूक

आमोद : शंभरपैकी त्र्याऐंशी. एकही मार्क कमी करणार नाही मी.

हेमाआत्या : मी पस्तीसही देत नाही. हवं तर ग्रेस देऊन पास कर.

वल्लरी : आत्या! पहिला भाग तू अकरा वेळा पाहिलायस!

हेमाआत्या : म्हणून तर बोलायचा अधिकार आहे मला.

(सिनेमागृहासमोरचं अमृततुल्य. 'गुरूपलीकडे'चा दुसरा भाग बघून आत्या आणि तिची दोन भाचरं नुकतीच बाकावर टेकली आहेत. थोरला आमोद हिंजवडीत नोकरीला, धाकटी वल्लरी कॉलेजात. आमोद आज नको इतका खुशीत आहे, आणि त्याचं कारण त्याने घरात कुणाला सांगितलेलं नाही.)

आमोद : आधी चहा सांगू का? तीन?

हेमाआत्या : थांब रे. एवढ्यात नको.

आमोद : बरं. पण शास्त्र बघ ना! या वेळी एकसुद्धा चूक नाही. वही घेऊन बसलो होतो मी. पान कोरं राहिलं.

हेमाआत्या : सिनेमा बघायला गेला होतास की पेपर तपासायला?

वल्लरी : व्हीएफएक्स मात्र लिटरली वेड होते हं! गुरूवरचं ते वादळ आलं ना, मी पॉपकॉर्न खायचं विसरले.

हेमाआत्या : वादळ छान होतं, नाही कशाला म्हणू. खलनायकही बरा होता, निदान स्पष्ट बोलतो. पण त्यातली माणसं कुठे गेली? पहिल्या भागात ती मंदाकिनी कशी यानात कपबशीतून चहा प्यायची!

आमोद : गुरुत्वाकर्षण नसताना? चहा कपात राहीलच कसा?

हेमाआत्या : राहायचा. मी अकरा वेळा पाहिलाय.

आमोद : आता पिशवीतून नळीने पितात. ते बरोबर आहे.

हेमाआत्या : सलाइन लावल्यासारखं. आणि तिचा अंबाडा कोणी कापला?

आमोद : हेल्मेटमध्ये मावला नसता, आत्या.

हेमाआत्या : तेही सोडलं असतं मी. पण भोंगा? त्याचा नवरा, आपलं, तिचा नवरा चौदा वर्षांनी परत येतो. पहिल्या भागात कुठलंही यान चंद्राजवळ आलं की भोंगा वाजायचा, आणि ती हातातलं काम टाकून चंद्रावरच्या तळावर धावत सुटायची. आज काय झालं? हिरवी अक्षरं आली, 'यान दाखल'. बाकी सगळं चिडीचूप.

आमोद : अवकाशात हवा नाही. हवा नाही तर आवाज नाही. शाळेत शिकवतात हे.

हेमाआत्या : अरे, स्वारगेटला एसटी लागली तरी माणूस ओरडून सांगतो. इथे नवरा गुरूवरून आलाय आणि नुसती पाटी! कोणत्या दीडशहाण्याने काढायला लावला असेल तो भोंगा?

आमोद : चहा सांगू का?

हेमाआत्या : नको म्हटलं ना.

वल्लरी : दादा, शेवटची नावं लागली तेव्हा तू पार्किंगमध्ये पळालास ना?

आमोद : मग काय! नंतर गाडी निघत नाही.

वल्लरी : आणि आत्या बाथरूमला गेली. मी एकटीच बसले होते. फोटो काढलाय. वाचू? 'विशेष आभार : आमोद पटवर्धन, पुणे. पहिल्या भागातील एकवीस चुका पत्राने कळवल्याबद्दल.'

आमोद : नाव लागलं? माझं? पडद्यावर? बघू, बघू! आणि मी गाडी काढत होतो!

हेमाआत्या : एकवीस. गणपतीच्या मोदकांएवढ्या. पहिली कुठली होती?

आमोद : आत्या, ते पत्र खूप जुनं...

हेमाआत्या : पहिली कुठली?

आमोद : भोंगा.

वल्लरी : आत्या, ओरड त्याला हवं तर.

हेमाआत्या : ओरडायचं काय त्यात? ह्यांचा कारखाना पिंपरीला होता. पहिली पाळी साडेतीनला सुटायची. भोंगा वाजला की मी आधण ठेवायची, आणि सायकल दारात लागेपर्यंत चहा गाळून तयार. अठ्ठावीस वर्षं. मग कारखाना बंद पडला. दोन वर्षांनी हे गेले. आणि एक दिवस तुम्ही मला त्या सिनेमाला नेलंत आणि तोच आवाज आला. अगदी तोच. म्हणून अकरा वेळा. तुम्हाला वाटलं, आत्याला गुरू-शनीचं वेड लागलं.

आमोद : तू कधी बोलली नाहीस.

हेमाआत्या : तिकीट काढताना कारण सांगावं लागत नाही.

आमोद : मला फार वाईट वाटतंय, आत्या. मला वाटलं, चुका निघाल्या की सिनेमा चांगला होईल.

हेमाआत्या : झालाय की. त्र्याऐंशी मार्कांचा.

वल्लरी : तिसरा भाग येणार आहे, शेवटी दाखवलं ना. दादा, तुझं ऐकतात ते. परत लिही.

आमोद : काय लिहू? हवा नाही गं तिथे! खोटं कसं... थांब. यानात हवा असते. भोंगा यानाच्या आत वाजला आणि तिथला माइक चालू असला, तर रेडिओवरून तो तिच्या हेल्मेटमध्ये ऐकू येईल. येईल काय, येणारच!

हेमाआत्या : मग हे तेव्हा का नाही सुचलं?

आमोद : तेव्हा मी फक्त चुका शोधत होतो.

हेमाआत्या : काढ वही. पान कोरं आहे म्हणालास ना?

आमोद : 'सप्रेम नमस्कार. मागील पत्रातील मुद्दा क्रमांक एक मी मागे घेत आहे.'

हेमाआत्या : 'माझं चुकलं' असं सरळ लिही.

आमोद : आत्या, पडद्यावर नाव लागलेला माणूस आहे मी आता.

वल्लरी : मग क्रमांक घाल. 'चूक बाविसावी : पत्रलेखकाची.'

आमोद : बरं. लिहिलं. 'भोंगा रेडिओवरून ऐकवावा. आकृती सोबत जोडली आहे.'

हेमाआत्या : आणि कपबशी?

आमोद : कपबशी नाही. तिथे मी ठाम आहे.

हेमाआत्या : राहू दे मग. किती वाजले गं?

वल्लरी : तीन अठ्ठावीस.

आमोद : आता तरी चहा सांगू?

हेमाआत्या : दोन मिनिटं थांब. मग सांग.