राणीची औषधाची नळी

चहा थंड झाला तरी चालेल, पण हे ऐकाच. आमच्या टोकावड्याच्या पांडूची घोडी राणी. लग्नात नवरदेवाला मिरवणारी. लग्नसराई तोंडावर आली आणि हिच्या बरगड्या मोजता यायला लागल्या की! गुरांच्या डॉक्टरांनी लीद तपासली, तर जंतांची अंडीच अंडी. त्यांनी औषधाची नळी दिली. "दोन आठवड्यांनी परत लीद आण. औषध लागू पडलं का ते बघू."

पांडूनं लीद आणली. सूक्ष्मदर्शकातून बघून डॉक्टर चरकले. "अंडी तेवढीच! जंत औषधाला दाद देईनात रे. यंदा राणीला वरात नको."

पांडूचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी सहज विचारलं, "नळी पुरती रिकामी केलीस ना?"

"केली ना," पांडूची बायको गंगू म्हणाली. "पण आमच्याकडं एकट्याला द्यायची पद्धत नाय, साहेब. थोडी राणीला, थोडी बैलांना, थोडी बोकडाला. उरलेली ह्यांनी चाटली."

"गप गो!" पांडू ओरडला.

"अरे, अशा अर्धवट औषधानंच जंत निर्ढावतात!" म्हणत डॉक्टरांनी दुसरी नळी स्वतः राणीच्या तोंडात रिकामी केली. पुढच्या तपासणीत अंडी जवळजवळ गायब! मुरबाडच्या वरातीत राणी ऐटीत निघाली. तिथं डॉक्टरांनी गंगूला हळूच विचारलं, "पांडूला त्या औषधाचा काही त्रास?"

"त्रास कसला, साहेब! बेंजो वाजला की राणीच्या आधी हेच खिंकाळतात."