साधना नावाची मरळ व नाहीशी झालेली इतर मच्छी यांचेबाबत

मी, देवाजी गोविंदा गिऱ्हेपुंजे, वय ६३ वर्षे, व्यवसाय धानाची शेती व पिठाची चक्की, रा. सानगडी, ता. साकोली, जि. भंडारा, आज दि. २४/०९/२०२४ रोजी दुपारी १२.१० वाजता ठाण्यात हजर होऊन, हवालदार खुशाल बावणे साहेब यांनी विचारल्यावरून, आठवते तसे व खरे तेच सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी ललिताबाईसह राहतो. मुलगी दामिनी नागपूरला नोकरीस आहे. आमच्या घरात तीन पिढ्यांपासून मांसमच्छी शिजलेली नाही. याची नोंद सुरुवातीलाच घ्यावी, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

उन्हाळ्यात माझे बीपी वाढले. पोहणारी मच्छी पाहत बसल्याने डोके शांत राहते, असे दामिनीने कुठेतरी वाचले व दि. १४/०७ रोजी दोन फुटांची काचेची पेटी, हवेचा पंप आणि एक लाल गोल्डफिश आणून दिली. लाल मच्छी साकोलीला दाताच्या डॉक्टरकडे आहे, मोबाईलच्या दुकानात आहे आणि सलूनमध्येही आहे. जी वस्तू सलूनमध्ये आहे ती एकटीच माझ्या बैठकीत शोभायची नाही. मला गावात कोणाकडेच नसेल अशी मच्छी पाहिजे होती.

दि. २०/०७ रोजी मी बाजारात मच्छीच्या ओळीत आयुष्यात पहिल्यांदा गेलो. नाकाला दुपट्टा बांधला होता. तेथे शकुनबाई नावाच्या बाई तलावातली मच्छी बादलीत जिवंत ठेवून विकतात. मी त्यांना चेहऱ्याने वेगळी मच्छी मागितली. "घरी किती माणसं हायेत?" असे त्यांनी विचारले. मी दोन सांगितली. त्यांनी वीतभर लांब, सापासारख्या डोक्याची, ठिपकेवाली मरळ काढली आणि विळा ओढून "कापून देऊ का?" म्हणाल्या. मी ओरडलो. "पाहाले पायजे, खायाले नाही," असे सांगितल्यावर त्या हसल्या. शेजारच्या बाईलाही सांगून हसवले.

मरळ दिवसभर पेटीच्या तळाशी डोळे उघडे ठेवून ध्यानाला बसायची, म्हणून तिचे नाव मी साधना ठेवले. साहेबांनी साधना कोण असे दोनदा विचारल्यावरून पुन्हा सांगतो की, साधना ही मरळ आहे, बाई नाही. मी पेटीत कणकेच्या गोळ्या टाकत होतो. साधनाने गोळीला कधी तोंड लावले नाही. आमच्या घरात पाय ठेवल्यापासून तिने सगळे सोडले, ती उपास करते, असे माझे मत झाले. ते मी चक्कीवर दळण आणणाऱ्या प्रत्येकाला सांगितले. लोक मुद्दाम पाहायला येऊ लागले व पाहून तोंडावर हात ठेवून जाऊ लागले. भक्तिभावाने ठेवतात असे मला वाटले. माझे बीपी उतरले.

तिला सोबत म्हणून मी आणखी मच्छी निवडून आणली. शकुनबाईंकडून बारा झिंगे घेतले, त्यांच्या मिशा मला आवडल्या. पाच अशा आणल्या की त्यांच्या अंगातून पलीकडचे घड्याळ दिसत होते. गोसीखुर्दकडे साळ्याकडे गेलो तेव्हा चोचीसारख्या तोंडाची एक मच्छी डब्यात घालून, मांडीवर धरून, एसटीने आणली. तिचे नाव मला माहीत नाही. ती आणल्याच्या चौथ्या दिवशी नव्हती.

झिंगे आधीच कमी होत होते. ऑगस्ट संपेपर्यंत बाराचे दोन राहिले. नंतर आरपार दिसणाऱ्या गेल्या. त्या आहेत पण दिसत नाहीत, असे मी दोन दिवस धरून चाललो. मग पेटीवर फळी आणि फळीवर वीट ठेवली, तरी फरक पडला नाही. रोज दुपारी चारला आणि संध्याकाळी सहाला मोजणी सुरू केली. जी मच्छी जाई ती चार ते सहाच्या दरम्यानच, मी गोळ्या टाकून चहाला बसलो की जाई.

माझा मित्र भय्याजी सेलोकर, वय ६२, हा बावीस वर्षांपासून रोज पाच वाजता माझ्याकडे चहाला येतो. तो अट्टल मच्छीखाऊ आहे. साधनाला पहिल्यांदा पाहून तो म्हणाला होता, "हे आलनात मस्त लागते," म्हणजे पीठ लावलेल्या घट्ट कालवणात. त्या दिवशी मी त्याला अर्धाच कप चहा दिला. चार ते सहा या वेळेत घरात मी, ललिताबाई आणि भय्याजी एवढेच असतो. मी मच्छी खात नाही. ललिताबाई खात नाही. साधना तर काहीच खात नाही. उरला भय्याजी.

दि. १७/०९ रोजी सहाच्या मोजणीत दामिनीने दिलेली लाल मच्छीही सापडली नाही. भय्याजी उठायच्या तयारीत होता. मी त्याला खिसे दाखवायला सांगितले. त्याने तंबाखूची पुडी, चुन्याची डबी व गाडीची किल्ली काढून दाखवली.

"देवाजी, तू मले चोर समजते?" तो म्हणाला.

"मंग माही मच्छी कोठी गेली?" मी म्हणालो.

त्याने पेटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, कप खाली ठेवला आणि निघून गेला. तेव्हापासून तो आलेला नाही. ललिताबाई सवयीने तीन कप चहा मांडतात. तिसरा मी पितो. मला करमत नाही, हेही लिहून घ्यावे. रागाच्या भरात मी दुसऱ्या दिवशी ठाण्यात अर्ज दिला.

आज चौकशीसाठी आम्हा दोघांना बोलावणे आले. गाडी भय्याजीकडेच असल्याने आम्ही दोघे त्याच्याच मोटारसायकलवर आलो. रस्त्यात बोलणे झाले नाही. खड्डा आला की मी त्याचा खांदा धरत होतो, पण तो तक्रारीचा भाग नाही.

पेटीत आता कोण शिल्लक आहे असे विचारल्यावरून सांगतो की, एकटी साधना. तिची लांबी विचारल्यावरून सांगतो की, आणली तेव्हा एक वीत होती, आज दीड वीत आहे. जाडी माझ्या मनगटाएवढी. काय खाऊन एवढी वाढली असे विचारल्यावरून सांगतो की, उपास. येथे साहेबांनी पेन खाली ठेवले व बाहेर जाऊन पाणी पिऊन आले.

परत आल्यावर त्यांनी बाहेरच्या बाकावरून भय्याजीला आत बोलावले व मरळ काय खाते, हे मला सांगायला लावले.

"थे मच्छी खाते," भय्याजी खाली पाहून म्हणाला. "दुसरं काय खाईल? साऱ्या सानगडीले मालूम हाय."

"मंग तू मले काहून नाही सांगितलं?"

"तू सांगत फिरून राहिला होता, माही साधना उपास करते म्हणून. तुह्या तोंडावरची खुशी पाहून मले सांगवलं नाही. सांगितलं असतं त तू थे पेटीच उचलून फेकली असती. तुहा बीपी उतरला होता, देवाजी."

यावर मी माझ्या मनगटाकडे पाहिले.

सबब, भय्याजी सेलोकर याच्याविरुद्धचा माझा अर्ज मी मागे घेतो. साधनाविरुद्धही माझी तक्रार नाही. उपास मी ठरवला होता, तिने नाही.

भय्याजीची माफी मागायची आहे, पण तो समोर उभा असताना माझ्या तोंडून शब्द निघत नाही. बावीस वर्षांत तशी वेळच आली नव्हती. म्हणून साहेबांना विनंती केली की पुढचे कागदावर घ्यावे आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. मी चुकलो. खिसे पाहिले ते तर फारच चुकलो. पाच वाजता येत जा.

वरील मजकूर साहेबांनी आम्हा दोघांना एकत्र बसवून वाचून दाखवला. माझ्यापुरता तो मी सांगितला तसाच उतरला आहे. भय्याजीने डोळे पुसून एक दुरुस्ती सांगितली, ती त्याच्याच शब्दांत: "मी आलन नाही म्हणलो. मरळीले कोणी आलन घालते का? रस्सा म्हणलो होतो."

दुरुस्ती मला मान्य आहे.

सही: देवाजी गोविंदा गिऱ्हेपुंजे. वेळ दुपारी ४.१५. पाचच्या आत घरी पोहोचायचे असल्याने जबाबाची प्रत उद्या येऊन नेऊ.