हक्कसोडीची साडी

— न्हाई न्हाई, शुभांगीवन्सं, उठू नका, चहा घ्या आदी. पौड काय पळून चाललंय व्हय? तुमचे दादा सकाळपासनं तितं रजिस्ट्रीच्या हापिसात नंबर धरून बसलेत. आपण जायचं, फोटो, अंगठा, सही — झालं हक्कसोडपत्र. आत्याबाई, तुमच्या आई, मृत्युपत्र न करताच गेल्या, आन हाय काय त्यांच्या नावावर? मागच्या दोन खोल्या न् हे परसू. येवढ्यासाठी कोर्टात जायचं? वकीलच म्हणाले, वारस दोघंच, भाऊ न् बहीण. बहिणीनं आपला हिस्सा सोडला की कोर्टाची पायरी चढायला नको. न्हाई सोडला तर — पण तसं कशाला बोलायचं? तुमी काय परक्या हाय? बावधनला तुमचा फ्लॅट हाय, लिफ्ट हाय. आमचं घर त्या खोल्यांच्या भाड्यावर चालतंय — हसताय व्हय? हसा.

बरं, ओटी भरून घेते. बहिणीनं हक्क सोडला की साडीचोळी करायची, रीतच हाय आपली. शेजारची गंगूबाई म्हणाली, सही झाल्यावर दे गं. मी म्हटलं, आपल्यात कुटं आलाय येवढा अविश्वास! पदर पुढं करा. हे तांदूळ, हा नारळ, आन ही साडी — पोपटी, तुमच्या रंगाला लई — काय झालं? घडी का मोडताय?

तुमी पाठवलेली? दिवाळीला? आत्याबाईंना?

अगं बाई... आहेराच्या साड्यांत गेली असंल हो. कुणाच्या घरात फिरत न्हाईत आहेराच्या साड्या? नवीच हाय की! न्हाई, नेसल्या न्हाईत त्या. दाखवली होती — म्हणजे दाखवणारच होते. अंथरुणातल्या माणसाला जरीकाठ काय करायचा, गाऊनवरच असायच्या. विचारायच्या की, रोज विचारायच्या — शुबीनं काय धाडलं का, शुबी यायची हाय का. मी म्हणायचे, येतील, दमा जरा. साडी आलीया म्हटलं असतं तर नेसव म्हणाल्या असत्या, मग फोन लाव, मग तुमी आला असता, मग मला बावधनला ने — आन तितं तुमी वकील बोलावून सगळं तुमच्या नावावर — मी न्हाई हो! तुमचे दादा म्हणायचे. आईचं काय खरं न्हाई, म्हणायचे, लेक दिसली की विरघळती. म्हणून तुमी आला त्या रविवारी म्हटलं, झोपल्यात. जाग्याच होत्या, पण —

वन्सं? वन्सं, असं बघू नका. शिव्या द्या हवं तर. हे काय? ताटात का ओतताय तांदूळ? सवाष्णीनं ओटी परत करू नये हो, आक्रीत हाय ते — नारळ तरी राहू द्या! साडी न्या, साडी तुमचीच हाय... चपला का घालताय? आपल्याला बरोबर जायचंय ना?

थांबा, ह्यांचा फोन. हॅलो? व्हय, आल्यात. न्हाई... गेटापर्यंत गेल्या. तुमी असं करा — मागच्या माणसाला पुढं सोडा.