खुर्ची व्यवस्थेने नेली

...आणि वर मलाच म्हणतो, "मनाला लावून घेऊ नकोस, हे व्यवस्थेचं आहे!" आता मन माझं, लागलं मला, आणि लावून घ्यायचं नाही? मग कुणाला लावू? भिंतीला?

नाही, तुम्हीच सांगा. एकवीस वर्षं एका टेबलाला समोरासमोर बसलेला माणूस... थांबा, नीट सांगतो, नाहीतर म्हणाल हा उगाच तणतणतोय. आमचा रंगाचा कारखाना. भिंतींना देतात तो रंग. मी जुळणी विभागात. म्हणजे गिऱ्हाइकाने जुन्या रंगाचा टवका पाठवला की नवा रंग हुबेहूब तसा करून द्यायचा. खिडकीपाशी धरून पाहायचं, पुन्हा कालवायचं, पुन्हा पाहायचं. नुसत्या पांढऱ्याच्या अडतीस छटा ओळखतो मी! आणि विभागात सगळे गोरे, काळा मी एकटा. बायको सावळा म्हणते, पण ती घरची, तिचं मत धरत नाहीत.

समोर बसायचा तो प्राध्यापक. खरा नव्हे हो! जुळणीवालाच. पण पुस्तकं वाचतो, चष्मा कपाळावर ढकलून बोलतो, म्हणून प्राध्यापक. त्यानेच दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत चर्चा सुरू केली. विषय वर्णभेद. कुठून येतो, कशाने टिकतो, जातो का. कँटीनच्या मावशी म्हणायच्या, "अरे, माणसाच्या पोटात असतं ते. पोरांना लहानपणीच शिकवा, संपेल." गोदामवाले भाऊ टेबलावर बुक्की मारायचे, "रंगबिंग काही नसतं! गरीब आणि श्रीमंत, संपलं!" भाऊ स्वतः गोरेपान, त्यामुळे रंग नसतो हे त्यांना अगदी खात्रीने माहीत.

आणि प्राध्यापक? चष्मा वर! "दुष्ट माणूस शोधत बसू नका. एकही दुष्ट माणूस नसताना अन्याय होऊ शकतो. नियम, सवयी, कोण कुणाच्या ओळखीचा... ही व्यवस्था आहे."

तुम्हाला सांगतो, अंगावर काटा आला! कारण विभागप्रमुखाची जागा चार वेळा रिकामी झाली, चार वेळा मी अर्ज केला, चारही वेळा तिथे बसला माझ्याच हाताखाली शिकलेला कुणीतरी. आणि नाही म्हणणारी माणसं इतकी गोड! एकाने आईच्या गुडघ्याची चौकशी केली, एकीने डोळ्यांत पाणी आणलं. रागवायचं कुणावर? मी आपला वर्षानुवर्षं स्वतःतच खोट शोधत होतो, आणि हा म्हणतो, खोट तुझ्यात नाहीच! शीळ घालत घरी गेलो. बायको म्हणाली, "मिळाली का जागा?" म्हटलं, "नाही गं, कारण मिळालं!"

आता मला रोजनिशीची सवय. तारीख, वार, कोण काय म्हणालं, शब्दन् शब्द. प्राध्यापक म्हणाला, "अरे, हा तर पुरावा! दे मला, संचालकांपुढे मांडतो. यंदा प्रमुख निवृत्त होतायत. जागा तुझीच समज." तीन रविवार बसून सुवाच्य अक्षरात उतरवून दिलं. समास आखून! मावशी म्हणाल्या, "तूच का नाही मांडत?" म्हटलं, "मावशी, मी मांडलं की ती तक्रार होते, त्याने मांडलं की अभ्यास."

आणि काय मांडलं हो! आईच्या गुडघ्यापाशी आला तेव्हा आवाज असा कातर, की संचालकांनी रुमाल काढले. टाळ्या! मी मागच्या रांगेत. मीही वाजवल्या. सगळ्यांत जोरात!

सोमवारी सूचनाफलकावर कागद. नवे विभागप्रमुख... प्राध्यापक! का, तर "विषमतेची दुर्मीळ जाण". म्हणजे भोगायचं मी, आणि जाण त्याला!

गेलो त्याच्या नव्या खोलीत. म्हणतो कसा, "अरे, मी अर्जसुद्धा केला नव्हता! त्यांनीच बोलावलं. बघितलंस, व्यवस्था कशी काम करते?" आणि चेहऱ्यावर काय आनंद, स्वतःच्या सिद्धांताचा नमुना सापडल्याचा!

म्हटलं, "नाही म्हणायचंस."

"एका माणसाच्या नाही म्हणण्याने काय होतं? तू पुन्हा व्यक्तीत अडकतोयस. मनाला लावून घेऊ नकोस, हे व्यवस्थेचं आहे."

आता बोला! अहो, हेच औषध त्याने मला पाजलं होतं, आणि मी गुण आला म्हणून गावभर सांगत फिरलो होतो!

मावशींना सांगितलं. त्यांनी हातातलं फडकं आपटलं. "व्यवस्था म्हणे! तिला हात असतात होय रे? नेमणुकीच्या कागदावर 'मान्य' म्हणून सही कुणी ठोकली?"

बरोबर! गुरुवारी भर चर्चेत उभा राहिलो. म्हटलं, "व्यवस्था असते, कबूल. पण दर वेळी ती कुणाच्या तरी हाताने सही करते, आणि या वेळी तो हात तुझा होता." भाऊंनी बुक्कीसाठी उचललेला हात वरच राहिला. मला वाटलं, आता हा मान खाली घालेल, एकवीस वर्षं एका डब्यातलं खाल्लंय... चष्मा वर! "उत्तम मुद्दा! कुणीतरी लिहून घ्या रे!"

त्या दिवशी जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "त्या चौघांनी नाकारलं तेव्हा तर पोटभर जेवला होतात." काय सांगू तिला? त्या चौघांना माझ्याबद्दल काय माहीत होतं? ह्याला सगळं माहीत होतं हो. माझ्याच अक्षरात.

आणि काल आला माझ्या टेबलापाशी. खांद्यावर हात. "मनाला लावून घेतलं नाहीस ना? बरं, ऐक. पुढच्या महिन्यात बाहेरच्या लोकांपुढे बोलायचंय. चाराची आता पाच उदाहरणं झाली, पुरावा केवढा भक्कम झाला बघ! तेवढं पाचवं उतरवून देशील?"

तुम्हाला सांगतो, एकवीस वर्षांचं सगळं, सगळं घशाशी आलं, मुठी वळल्या, तोंड उघडलं... आणि त्यातून निघालं काय?

"कधीपर्यंत हवंय?"